भांड्यांच्या थेट विक्रीला खाद्यपदार्थांची जोड द्यावी का? निर्णय कसा घ्यावा

चांगलं भांडं वर्षानुवर्षं टिकतं. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, पण थेट विक्रीत, म्हणजे दुकानाऐवजी कोणाच्या तरी घरी प्रात्यक्षिक दाखवून माल विकण्यात, प्रतिनिधीला एकदा भांडं विकल्यावर त्या घरी पुन्हा जायला कारण उरत नाही. म्हणून संपणारं आणि पुन्हा लागणारं काहीतरी यादीत असावं, असा विचार या धंद्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या मनात येतो. तो चुकीचा नाही. १९८० मध्ये डोरिस ख्रिस्तोफर यांनी सुरू केलेली पँपर्ड शेफ ही अमेरिकन कंपनी स्वयंपाकाच्या साधनांबरोबर मसाल्याची मिश्रणंही विकते. १९९५ मध्ये सुरू झालेली टेस्टफुली सिंपल तर मुख्यतः खाद्यपदार्थांवरच उभी राहिली. म्हणजे प्रतिनिधींमार्फत खाद्यपदार्थ विकता येतात. तुमच्या धंद्याला ते परवडतील का, हे मात्र स्वतःचे आकडे मांडूनच कळतं.

आधी जुनी बिलं काढा

गेल्या २४ महिन्यांतल्या ग्राहकांची यादी घ्या. पहिल्या खरेदीनंतर १२ महिन्यांत पुन्हा किती जण आले, ते पाहा. जे आले नाहीत, त्यांच्यापुढे त्यांना माल विकणारा प्रतिनिधी आज सक्रिय आहे की काम सोडून गेला, हे लिहा. ही दुसरी नोंद बहुतेक जण करत नाहीत आणि सगळा निर्णय तिथेच चुकतो. ग्राहक परत न येण्याचं मुख्य कारण प्रतिनिधी गळणं हे असेल, तर खाद्यपदार्थांनी ते बरं होणार नाही. पाऊच संपल्यावर ऑर्डर घ्यायला माणूसच नसेल, तर ग्राहक जवळच्या दुकानातून दुसरं काही घेईल. अशा वेळी आधी प्रतिनिधी टिकवण्यावर खर्च करा.

प्रतिनिधी टिकून आहेत, ग्राहकही समाधानी आहेत, फक्त घ्यायला नवीन काही नाही, असं चित्र असेल तर पुढे वाचा.

हिशोब

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. त्यांच्या जागी तुमचे घाला. भांड्याची विक्री किंमत १०० भाग धरा. त्यात बनावट आणि पॅकिंग २५, प्रतिनिधी आणि त्याला या कामात आणणाऱ्या वरच्या प्रतिनिधींच्या साखळीचं कमिशन ३५, यजमानाची (ज्याच्या घरी प्रात्यक्षिक होतं त्याची) भेटवस्तू ५, पार्सल ६, पेमेंटचा खर्च २ आणि तूटफूट १. एकूण ७४ गेले, २६ उरले.

आता कोरड्या मिश्रणाचा पाऊच घ्या. बनावट आणि पॅकिंग ३०, कमिशन तेच ३५, यजमान ५, पेमेंट २, मुदत संपून आणि फाटून जाणारा माल ६. राहिलं पार्सल. पाऊच एकटा पाठवला तर पार्सलचाच खर्च किमतीच्या ४० टक्क्यांवर जाऊ शकतो, म्हणजे विक्री सरळ तोट्यात. चार पाऊचचा संच केला तर तो १५ पर्यंत येतो. तेव्हा कुठे बेरीज ९३ होते आणि हातात ७ उरतात. त्या ७ मधून प्रयोगशाळेच्या तपासण्या, विमा आणि तक्रारींचं काम भागवायचं असतं.

यावरून दोन नियम निघतात. खाद्यपदार्थ सुटा पाठवायचा नाही: किमान संच ठेवा किंवा भांड्याच्या ऑर्डरबरोबरच द्या. आणि खाद्यपदार्थांचं कमिशन भांड्यांपेक्षा वेगळं, कमी ठेवा. ते ३५ वरून २२ वर आणलं तर ७ चे २० होतात. प्रतिनिधींना हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. नंतर कमी केलेलं कमिशन कोणी विसरत नाही.

आता वर्षभराचं गणित करू; इथे ‘भाग’ म्हणजे पैशाचं कोणतंही एकक धरा. एक ग्राहक ३ वर्षांतून एकदा १,००० भागांचं भांडं घेतो. त्यावर २६० उरतात, म्हणजे वर्षाला सुमारे ८७. तोच ग्राहक ४०० भागांचा संच वर्षातून पाच वेळा घेत असेल, तर २० टक्क्यांनी ४०० उरतात. एकदाच घेत असेल तर फक्त ८०, आणि कमिशन कमी केलं नसेल तर २८. सगळा निर्णय या एका आकड्यावर उभा आहे: तोच ग्राहक वर्षातून किती वेळा परत मागवतो. पहिल्या महिन्याच्या विक्रीवरून तो कळत नाही, कारण पहिला पाऊच लोक कुतूहलापोटी किंवा प्रतिनिधीच्या ओळखीपोटी घेतात.

आणखी एक वजावट हिशोबात धरा. प्रात्यक्षिकाच्या वेळी पाऊच विकणं सोपं आणि महागडं भांडं विकणं अवघड. प्रतिनिधी सोप्याकडे वळतात. ग्राहकालाही यजमानाचा मान राखायला काहीतरी घ्यायचंच असतं; पाऊच समोर असला की तो पाऊचवर भागवतो आणि भांडं राहून जातं.

कोणता पदार्थ घ्यावा

पहिली अट अशी की पदार्थ तुमच्या भांड्यात शिजला पाहिजे आणि तो शिजवताना भांड्याचा गुण दिसला पाहिजे. बेकिंगचं भांडं विकत असाल तर केक किंवा ब्रेडचं मिक्स, जाड बुडाचं भांडं असेल तर सूपचं किंवा रश्शाचं मिश्रण. भांड्याशी नातं नसलेला पदार्थ प्रतिनिधीच्या तोंडी बसत नाही, आणि त्यात तुमची स्पर्धा थेट किराणा दुकानाशी होते. तिथे तुम्ही किमतीत कधीच जिंकणार नाही.

दुसरी अट टिकाऊपणाची. पदार्थातलं पाणी जंतूंना किती उपलब्ध आहे, ते ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ या मापाने सांगतात. हे माप शून्य ते १ असतं. ०.६० च्या खाली कोणताही जंतू किंवा बुरशी वाढत नाही. ०.८५ च्या खाली रोगकारक जिवाणू वाढत नाहीत, पण बुरशी येऊ शकते. सुरुवात ०.६० च्या खालच्या कोरड्या मिश्रणांनीच करा. उत्पादकाकडून प्रत्येक बॅचचं हे माप लेखी मागा.

कोरडं आहे म्हणून सुरक्षितच, असं मात्र समजू नका. साल्मोनेला हा विषबाधा करणारा जिवाणू कोरड्या मसाल्यात वाढत नाही, पण महिनोन्‌महिने जिवंत राहतो. म्हणून वाफेने निर्जंतुक केलेला मसालाच वापरा, आणि मिश्रण शिजवण्याआधी घालायचं की वरून भुरभुरायचं हे पाकिटावर ठळक लिहा. वरून घालायच्या मिश्रणाला जंतूंची कसोटी अधिक कडक लावावी लागते.

प्रत्यक्षात कोरड्या मिश्रणांच्या सर्वांत जास्त तक्रारी गोळे होण्याच्या असतात. मीठ, साखर, कांदा-लसूण पावडर, टोमॅटो पावडर आणि सायट्रिक ॲसिड हवेतली ओल ओढतात. साध्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये अशी मिश्रणं दमट हवेत काही आठवड्यांतच दगडासारखी होतात. ॲल्युमिनियमचा थर असलेली फिल्म घ्या आणि उघडल्यावर बंद करता येणारी पट्टी ठेवा. भरताना सीलच्या जागेवर भुकटी अडकली तर सील पक्कं बसत नाही. गळतीचं हे नेहमीचं कारण आहे. म्हणून प्रत्येक बॅचमधले काही पाऊच पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का ते बघायला सांगा. दुसरी तक्रार खवट वासाची. पूर्ण सायीची दूध पावडर, बदामासारख्या सुक्या मेव्याचं पीठ आणि संपूर्ण धान्याचं पीठ यांतलं तेल हवेने बिघडतं. अशा मिश्रणांची मुदत कमी धरा.

सुरुवातीला टाळायचे पदार्थही सांगतो. तेलातला लसूण किंवा ताज्या औषधी वनस्पती नकोत: ४.६ च्या वर पीएच (म्हणजे आंबटपणा कमी), पुरेशी ओल आणि हवाबंद बाटली एकत्र आली की बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. चॉकलेट उन्हात मऊ होऊन पांढरं पडतं. गोठवलेल्या मालाला उणे १८ अंशांची साखळी घरापर्यंत लागते, जी प्रतिनिधी देऊ शकत नाही. काचेच्या बाटलीतला सॉस फुटला तर त्याच खोक्यातली भांडीही परत येतात.

बनवून घेणं आणि किती बनवणं

स्वतःचा कारखाना काढू नका. कंत्राटी उत्पादक गाठा आणि त्याच्याकडे हॅसेप (अन्नातले धोके आधीच ओळखून प्रत्येक टप्प्यावर आटोक्यात ठेवण्याच्या) पद्धतीची नोंद, ॲलर्जीकारक घटक वेगळे ठेवण्याची रीत आणि प्रत्येक बॅचचे राखीव नमुने आहेत का ते जाऊन पाहा. तुमचं मिश्रण ज्या यंत्रावर भरलं जातं, त्यावर त्याआधी शेंगदाणे किंवा दुधाचा पदार्थ भरला होता का, हा प्रश्न नक्की विचारा. पाककृती कोणाच्या मालकीची, हे करारात लिहा.

किमान बॅचचा आकडा इथे गळ्याशी येतो. समजा उत्पादक ५०० किलोपेक्षा कमी बनवत नाही. २०० ग्रॅमचा पाऊच म्हणजे २,५०० पाऊच. मुदत १२ महिने. तपासणी आणि वाहतुकीत १ महिना जातो, ग्राहकाच्या हाती किमान ४ महिने शिल्लक राहायला हवेत. तुमच्याकडे विकायला ७ महिने उरले, म्हणजे महिन्याला सुमारे ३६० पाऊच. चार चवी एकदम काढल्या तर महिन्याला १,४०० च्या वर. १०० प्रतिनिधी महिन्याला प्रत्येकी चार प्रात्यक्षिकं करत असतील, तर चार चवींसाठी प्रत्येक प्रात्यक्षिकात साडेतीन पाऊच खपले पाहिजेत, दोन चवींसाठी पावणेदोन. दोनच चवींनी सुरुवात करा.

मुदत उत्पादकाने सांगितली म्हणून छापू नका. साधारण १० अंश तापमान वाढलं की बिघाडाचा वेग दुपटीच्या आसपास जातो, या आधारावर उष्ण कपाटात झटपट चाचणी करतात. पण गोळे होणं आणि सुगंध उडणं या नियमाने चालत नाही. झटपट चाचणीबरोबर नेहमीच्या तापमानातलीही चाचणी चालू ठेवा आणि पहिल्या बॅचवर थोडी कमी मुदत टाका.

गोदाम

भांड्यांचं गोदाम जसंच्या तसं चालत नाही. तीव्र वासाचा माल सिलिकॉनचे चमचे, प्लास्टिकची झाकणं आणि लाकडी डाव यांच्या शेजारी ठेवला तर तो वास त्यांच्यात मुरतो आणि धुऊनही जात नाही. खाद्यपदार्थांना वेगळी बंद खोली हवी. जमिनीपासून वर, भिंतीपासून सुटे रॅक, उंदीर-किड्यांच्या बंदोबस्ताची नोंदवही आणि तापमान-ओल मोजणारं यंत्र लागेल. माल आत आलेल्या क्रमाने न काढता मुदत आधी संपणारा आधी काढायचा. भांडी विकणाऱ्या संगणक प्रणालीत बहुधा मुदतीचा रकानाच नसतो. तो आधी घालून घ्या.

प्रतिनिधींसाठी नियम

प्रतिनिधींना खाद्यपदार्थांचा साठा करू देऊ नका. महिन्याचं लक्ष्य गाठायला स्वतःच माल घेऊन ठेवायची सवय या व्यवसायात जुनी आहे. भांडं कपाटात पडून राहिलं तर वर्षाने विकता येतं. पाऊच राहिला तर फेकावा लागतो. थेट विक्रीच्या जागतिक महासंघाच्या आचारसंहितेत, काम सोडणाऱ्याकडून गेल्या १२ महिन्यांत घेतलेला, पुन्हा विकण्याजोगा माल जास्तीत जास्त १० टक्के हाताळणी खर्च कापून परत घ्यावा असं सांगितलं आहे. मुदत संपत आलेला पाऊच ‘पुन्हा विकण्याजोगा’ ठरत नाही, त्यामुळे नुकसान नेमकं सर्वांत लहान प्रतिनिधीच्या माथी बसतं. यावर उपाय म्हणजे माल कंपनीतून थेट ग्राहकाकडे पाठवा, प्रतिनिधीला फक्त चव दाखवण्यापुरती पाकिटं द्या आणि स्वतःच्या खरेदीवर लक्ष्य मोजू नका.

पाऊच फोडून लहान पुड्या करून विकायला सक्त मनाई हवी. त्यात घटकांची यादी, बॅच आणि मुदत तिन्ही हरवतात. साखर उतरते, वजन घटतं असे दावे प्रतिनिधी उत्साहाने मेसेजमध्ये लिहितात आणि त्यांची जबाबदारी कंपनीवर येते. म्हणून मान्य केलेली वाक्यंच द्या. चव देण्याआधी समोरच्यांना ॲलर्जी विचारणं हा प्रात्यक्षिकाचा पहिला टप्पा करा.

माल परत बोलवायची वेळ आली तर थेट विक्रीत एक खास अडचण असते: बिल यजमानाच्या नावावर आणि खरे ग्राहक प्रतिनिधीच्या वहीत. प्रत्येक ग्राहकाचं नाव, संपर्क आणि बॅच क्रमांक ऑर्डरमध्येच नोंदवला जाईल अशी सोय विक्रीच्या आधी करा. मग एक बॅच निवडून तिचा प्रत्येक पाऊच कोणाकडे गेला, हे चार तासांत सापडतं का याची रंगीत तालीम घ्या. सापडत नसेल तर विक्री सुरू करू नका. परवाने, लेबलचे नियम आणि उत्पादनाच्या जबाबदारीचा विमा देशानुसार वेगळे असतात. ते स्थानिक अन्नसुरक्षा सल्लागाराकडून तपासून घ्या.

चाचणी

१०० च्या आसपास प्रतिनिधी निवडा; फक्त उत्तम विकणारे नकोत, सगळ्या पातळ्यांचे. तितक्याच प्रतिनिधींचा दुसरा गट खाद्यपदार्थांशिवाय ठेवा. सहा महिने चालवा आणि तीन गोष्टी मोजा: पहिला संच घेतलेल्यांपैकी तिसऱ्यांदा मागवणारे किती, दोन्ही गटांत प्रत्येक प्रात्यक्षिकामागे भांड्यांची विक्री किती, आणि मुदत संपल्याने पडून राहिलेला माल किती. थांबण्याचे आकडे आधीच कागदावर लिहा. तिसरी ऑर्डर पाचातल्या एकानेही दिली नाही, किंवा भांड्यांची विक्री दहा टक्क्यांहून अधिक घसरली, तर दुसरी बॅच काढायची नाही. या मर्यादा आमच्या मते वाजवी आहेत. तुमच्या हिशोबाने वरखाली करा, पण चाचणी सुरू झाल्यावर हलवू नका.

उत्तर ‘नको’ आलं तरी परत जायला कारण तयार करता येतं. झाकणांच्या रबरी कड्या, बदली मुठी, धार लावण्याची सेवा, भांड्याला न ओरखडणारं धुण्याचं साहित्य यांना मुदतीची इतकी धास्ती नसते, आणि प्रतिनिधीला सहा महिन्यांनी फोन करायला ती पुरेशी असतात. भांडं विकतानाच कडी बदलण्याची तारीख बिलावर लिहून ठेवा.