ट्रेकिंगचा ग्रुप आणि अवांतर गप्पा: या चुका टाळा

ट्रेकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन होऊन मला बारा वर्षं झाली. दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी नवा अ‍ॅडमिन फोन करून विचारतो, "दादा, ग्रुपवर नुसता कचरा झालाय, काय करू?" तोवर त्याने ज्या चुका केलेल्या असतात, त्याही ठरलेल्याच. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

पहिली चूक, आणि माझ्या लेखी सगळ्यात महागडी: "थोडं अवांतर चालायचंच" म्हणून सोडून देणं.

२३ मे २०१९, गुरुवार. लोकसभेच्या निकालाचा दिवस. त्या दुपारी आमच्यातला एक जण कुलंग गडावरून उतरला आणि रेंज मिळताच त्याने ग्रुपवर लिहिलं, "टाक्यात माकड मरून पडलंय, बाकीच्यांत गाळ आहे. पाणी खालूनच भरून न्या." रात्रीपर्यंत त्यावर निकालाचे तीनशेहून जास्त मेसेज चढले. शनिवारी पहाटे आम्ही पाच जण कुलंगलाच निघालो. निकालाच्या वादाला कंटाळून मी ग्रुप म्यूट केला होता, आणि बाकी चौघांपैकी कुणी तीनशे मेसेज मागे जाऊन वाचले नव्हते. माणशी दोन लिटर पाणी, पुढचा भरवसा गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांवर. (मे महिन्यात कुलंग करावा का, हा वेगळा विषय. मी आता करत नाही.)

वर पोचलो तेव्हा बाटल्या संपत आल्या होत्या, आणि टाक्याचा वास लांबूनच येत होता. उतरताना एकाच्या पायांत गोळे आले, मग वांत्या, मग तो असंबद्ध बोलायला लागला. दोघांनी धरून, सावली बघत बघत त्याला खाली आणला. पायथ्याच्या आंबेवाडीच्या अलीकडे गुरांमागे आलेल्या एका मावशींनी त्यांच्याकडचं सगळं पाणी त्याला दिलं. तो बरा झाला, पण त्या दुपारची भीती माझ्या मनातून गेलेली नाही. सूचना वेळेवर आलेली होती. आमच्याच गप्पांखाली ती गाडली गेली.

तेव्हापासून मेसेज कुठे जावा हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: उद्या सकाळी गड चढणाऱ्याला याचा उपयोग आहे का? पाणी, वाट, घसारा (पाय घसरणारी सुटी माती), पडलेली दरड, बंद झालेली एसटी हे मूळ ग्रुपवर. बाकी सगळं दुसरीकडे. शुक्रवारी रात्री मी पाण्याची ताजी माहिती पिन करतो. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते. मी ७ दिवसच ठेवतो, कारण उन्हाळ्यात महिन्यापूर्वीच्या पाण्याच्या बातमीवर विसंबून गडावर जाणं मला मान्य नाही.

दुसरी चूक मी कुलंगच्या रागात केली. फर्मान काढलं: फक्त ट्रेकचं बोलायचं, तिसऱ्या चुकीला बाहेर. ग्रुप एकदम स्वच्छ झाला आणि मला त्याचा अभिमानही वाटला. मग मार्च २०२० आला. टाळेबंदीत ट्रेक बंद, म्हणजे नियमाप्रमाणे बोलायला विषयच उरला नाही. पावसाळ्यात कधीतरी कळलं की आमच्या एका जुन्या सोबत्याचे वडील एप्रिलमध्ये गेले. कातळटप्प्यावर ज्याच्या हातात निर्धास्तपणे दोर द्यावा असा हा माणूस. मी विचारलं, ग्रुपवर का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "दादा, ट्रेकचं नव्हतं ना ते."

त्याच आठवड्यात दुसरा ग्रुप काढला. नाव ठेवलं ओसरी, कारण पायथ्याच्या गावात रात्री आपण कुणाच्या तरी ओसरीवरच पथारी टाकतो आणि ओळखी तिथेच होतात. नोकरी, आजारपण, लग्नं, क्रिकेट, जुने फोटो, सगळं ओसरीवर. एकमेकांची विचारपूस न करणारी माणसं एका दोरावर चढू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आता छोट्या चुका.

चारचौघांत झापणं. रोज सुप्रभात पाठवणारे आमचे एक काका सत्तरीला टेकलेत, पण नाणेघाट परिसरातल्या जुन्या वाटा त्यांच्याइतक्या कुणालाच माहीत नाहीत. अशा माणसाला ग्रुपवर टोकलंत तर तो मुकाट्याने निघून जातो. मी फोन केला, "काका, तुमची सकाळची फुलं ओसरीवर टाका ना, तिथे सगळे बघतात." दोन मिनिटांचं काम.

"फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील" हे बटण दाबणं. नव्या, उतावळ्या अ‍ॅडमिनचा हा आवडता उपाय. कुलंगची ती सूचना अ‍ॅडमिनने लिहिलेली नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

ग्रुपच्या माहितीत पंचवीस नियम लिहिणं. कुणी वाचत नाही. तीन पुरेत.

दोन बाणांचं चिन्ह असलेला, शंभर ठिकाणी फिरून आलेला फॉरवर्ड ठेवणं. मी न वाचताच काढतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की दुसऱ्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही. काही जण त्याचा आधार घेऊन हात झटकतात. पण तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसताच येत नव्हता. २०२२ पासून येतो, तर पुसा.

आणि घाई. ग्रुपची सवय दोन दिवसांत बदलत नाही, आमची बदलायला वर्ष लागलं. ११ जुलै २०२५ ला, शुक्रवारी, युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, राजगड, लोहगड, थेट तमिळनाडूतला जिंजी! ओसरीवर मध्यरात्र उलटली तरी जल्लोष चालू होता, मीही होतो. मूळ ग्रुपवर त्या रात्री एकच मेसेज होता: ओढ्याला पाणी वाढलंय, उद्या पलीकडे जाऊ नका. त्याखाली निघणाऱ्या सातही जणांनी "वाचलं" असं लिहिलं होतं.