डेडिकेटेड सर्व्हरसाठी ओएस निवडताय? या चुका टाळा

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकवाल्यांच्या साइटचा डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे फक्त त्यांच्यासाठीचं मशिन, मी सांभाळतो. जून म्हणजे त्यांची सुगी, तेव्हा सर्व्हरला हात लावायचा नाही असं आमचं ठरलेलं. २०२४ च्या जुलैत गर्दी ओसरल्यावर निवांत सर्व्हरवरची सॉफ्टवेअर ताजी करणारं ‘यम अपडेट’ मारलं, तर मिररलिस्टचा (डाउनलोडच्या पत्त्यांच्या यादीचा) होस्टच सापडेना. तासभर मी डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) चाचपत बसलो. डीएनएस ठणठणीत होता. सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची (ओएस), म्हणजे सेंटओएस ७ या लिनक्सची, मुदत ३० जूनला संपली होती आणि मिररलिस्टचा तो पत्ताच बंद झाला होता.

रेपोच्या (पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या) फायली व्हॉल्टकडे, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहाकडे, वळवल्या की यम पुन्हा चालतं, पण पॅकेजेस मिळतात ती जुनीच. नवे सिक्युरिटी पॅच नाहीत. शेवटी दुसऱ्या सर्व्हरवर सेंटओएसच्या जागी चालणारं अल्मालिनक्स ९ टाकलं, आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) कमी केला आणि रात्री साइट हलवली.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न: ही ओएस संपते कधी? अल्मा ९ ला २०३२ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत. उबुंटू लिनक्सची २४.०४ एलटीएस ही दीर्घ मुदतीची आवृत्ती २०२९ पर्यंत चालते, पण २४.१० सारख्या मधल्या आवृत्तीला जेमतेम नऊ महिने. नवं ते चांगलं, हा हिशोब लॅपटॉपपुरता ठेवा. अर्थात जाहीर मुदतही काळ्या दगडावरची रेघ नसते: सेंटओएस ८ चालायचं होतं २०२९ पर्यंत, गुंडाळलं २०२१ अखेरीस.

कंट्रोल पॅनलचा (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरचा) विचार नंतर करणं ही दुसरी चूक. मला स्वतःला डेबियन लिनक्स आवडतं, पण त्यावर सीपॅनल हे पॅनल चालत नाही, आणि हे कळतं सगळं बसवून झाल्यावर.

विंडोजचं सोवळं पाळायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी डॉट नेट फ्रेमवर्कवरचं सॉफ्टवेअर असेल तर तेच लागतं. नुसत्या वर्डप्रेससाठी मात्र नको. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, सर्व्हरमागे किमान १६. आठ कोअरच्या मशिनलाही पैसे सोळाचेच.

अल्मा किंवा त्याच घराण्यातलं रॉकी लिनक्स घेतलंत की एक दुखणं हमखास येतं. साइटच्या फायली होम फोल्डरमधून ‘एमव्ही’ कमांडने वेब फोल्डरमध्ये आणल्या; परमिशन बरोबर, ओनर बरोबर, तरी ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला मोठा झेड लावून पाहा. फायलींवर एसईलिनक्सचं (कोणत्या प्रोग्रामने काय वापरायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षा यंत्रणेचं) अजून होम फोल्डरचंच लेबल दिसेल, कारण एमव्ही लेबलासकट फाइल हलवतो. फोल्डरवर मोठा आर देऊन, लेबलं जागेप्रमाणे लावणारा ‘रिस्टोरकॉन’ चालवला की साइट उघडते. वैतागून एसईलिनक्सच बंद करणारे बरेच आहेत. मीही त्यातलाच होतो.

पुस्तकवाल्यांची साइट अशी उघडली, पण पेमेंट गेटवेशी जोडणी होईना. वेब सर्व्हरला बाहेर जोडणी करू देणारं एसईलिनक्सचं बुलियन (चालू-बंदचं सेटिंग) मुळात बंद असतं. ‘सेटसीबूल’ने ते चालू केलं, पेमेंट सुरू. बदल कायमचा करणारा मोठा पी द्यायला विसरलो होतो, त्यामुळे पुढच्या रीबूटनंतर सकाळी नऊलाच दुकानातून फोन.