मिशनरी शॉर्टवेव्ह केंद्रं कशी पकडावीत आणि त्यांचं क्यूएसएल कसं मिळवावं

दूरचं केंद्र ऐकून त्याला रिपोर्ट पाठवला की ते पडताळणीचं कार्ड पाठवतं, तेच क्यूएसएल. ख्रिस्ती मिशनरी प्रक्षेपणं ऐकणाऱ्या नव्या डीएक्सरचे, म्हणजे दूरची केंद्रं छंद म्हणून ऐकणाऱ्याचे, बरेच रिपोर्ट एकाच कारणाने परत येतात किंवा अनुत्तरित राहतात. कार्यक्रम एका संस्थेचा असतो आणि मनोरा दुसऱ्याचा, पण रिपोर्टमध्ये दोन्ही एकच धरलेले असतात. अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओची (एडब्ल्यूआर) सुरुवातच १९७१ मध्ये पोर्तुगालमधल्या सिनिश इथे भाड्याच्या ट्रान्समीटरवर झाली. ग्वाम बेटावर स्वतःचं केंद्र १९८७ मध्ये आलं, तरी जर्मनीतलं नाउएन, श्रीलंकेतलं त्रिंकोमाली, मादागास्कर अशा ठिकाणी वेळ भाड्याने घेणं सुरूच राहिलं. त्यातलं त्रिंकोमाली तर मूळचं डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचं. एका मनोऱ्यावरून अर्ध्या तासापूर्वी चिनी, आता हिंदी आणि पुढच्या पाव तासाला तिसरीच भाषा, हे इथे रोजचंच. म्हणून ऐकण्याआधी वेळापत्रक वाचता आलं पाहिजे.

वेळापत्रक

शॉर्टवेव्हचं वर्ष दोन हंगामांचं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ‘ए’ आणि तिथून पुढच्या मार्चपर्यंत ‘बी’. बी२५ म्हणजे ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६. हंगाम बदलला की फ्रिक्वेन्सी बदलतात, त्यामुळे मागच्या हिवाळ्याची यादी उन्हाळ्यात निरुपयोगी. त्याहून जुन्या याद्या तर थेट फसवतात. सेशेल्समधल्या फीबा या मिशनरी संस्थेच्या ज्या केंद्राचे अँटेना मनोरे चक्क समुद्रातल्या प्रवाळावर उभे होते, त्याची शॉर्टवेव्ह २००३ मध्ये बंद झाली. इक्वेडोरमधल्या क्वितोच्या एचसीजेबी या मिशनरी रेडिओचं पिफो इथलं मोठं केंद्र २००९ मध्ये गेलं, मनिलाच्या रेडिओ वेरितास एशियाची शॉर्टवेव्ह २०१८ मध्ये थांबली. ही नावं अजूनही इंटरनेटवरच्या याद्यांत दिसतात.

दोन याद्या उतरवून घ्या, एचएफसीसीची (HFCC, शॉर्टवेव्ह फ्रिक्वेन्सींचा मेळ घालणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि ईआयबीआयची (EiBi, छंद म्हणून ऐकणाऱ्यांसाठीची यादी). दोन्ही फुकट मिळतात. एचएफसीसीच्या यादीत फ्रिक्वेन्सी, सुरू व बंद होण्याची वेळ, लक्ष्यविभाग, केंद्राचा तीन अक्षरी संकेत, किलोवॅटमध्ये शक्ती, अँटेनाची दिशा, वार आणि भाषा असे रकाने असतात. लक्ष्यविभागात ४१ दिसलं तर प्रक्षेपण भारतीय उपखंडासाठी आहे. केंद्राचे संकेत पाठच करून टाका. एसडीए म्हणजे ग्वामवरचं एडब्ल्यूआर, टीडब्ल्यूआर म्हणजे त्याच बेटावरचं पण ट्रान्स वर्ल्ड रेडिओचं, १९७७ पासूनचं केटीडब्ल्यूआर. एसएमजी व्हॅटिकन रेडिओचं सांता मारिया दि गालेरिया, एनएयू नाउएन, टीआरएम त्रिंकोमाली, टीएसी ताश्कंद, एमडीसी मादागास्कर. एवढंसं ग्वाम, पण त्यावर दोन वेगळ्या संस्थांची दोन वेगळी केंद्रं आहेत. ‘ग्वाम ऐकलं’ एवढंच लिहिलं तर कुणाचं ऐकलं ते कळत नाही.

दिशेच्या रकान्याकडे बहुतेक जण पाहतच नाहीत, आणि खरं तर सगळ्यात उपयोगी तोच. ग्वामहून पुण्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजल्यास साधारण २८५ अंश येते आणि अंतर सुमारे ७,५०० किलोमीटर. रकान्यात २८५ च्या आसपासचा आकडा असेल तर झोत आपल्याकडेच वळलेला आहे. ३१५ असेल तर तो चीनकडे आहे आणि आपल्याला कडेचा उरलासुरला सिग्नल मिळेल. नाउएनहून पुण्यासाठी आकडा १०० च्या जवळचा हवा.

तीन सापळे आहेत. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत असते, भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवायचे. वारांचे आकडे दोन्ही याद्यांत वेगळ्या रीतीने मोजतात. एचएफसीसीत १ म्हणजे रविवार, ईआयबीआयत १ म्हणजे सोमवार. शनिवारचा कार्यक्रम शुक्रवारी शोधत बसणारे इथेच चुकतात. आणि ईआयबीआयच्या भाषेच्या रकान्यात एकटं ‘एम’ दिसलं म्हणून मराठी समजून हुरळून जाऊ नका, ते मँडरिन, म्हणजे चिनी असतं.

रेडिओ आणि तार

टेक्सन पीएल-३३०, पीएल-६६० किंवा एक्सएचडेटा डी-८०८ यांसारखा डिजिटल डायलचा सेट पुरतो. फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झच्या टप्प्याने लावता येणं आणि बँडविड्थ (सेट एका वेळी किती रुंद पट्टा ऐकतो ते) कमी-जास्त करता येणं, या दोन गोष्टी बघून घ्या. जुन्या काटा फिरवायच्या सेटवरही ऐकू येतं, पण त्यातल्या बऱ्याच सेटांत जोरदार केंद्र खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा उमटतं. १५,४१० वरचं केंद्र १४,५०० वर सापडलं, तर तो नवा शोध नव्हे, सेटचा भास आहे.

अँटेनासाठी घरातल्या वायरिंगची साधी प्लास्टिक वेष्टणाची तांब्याची तार ७ ते १० मीटर घ्या. एका टोकाचं वेष्टण दोन सेंटिमीटर सोलून क्रोकोडाइल क्लिपने सेटच्या दांड्याला लावा. दुसरं टोक नायलॉनच्या दोरीने गच्चीच्या कठड्याला किंवा झाडाला बांधा. विजेच्या तारांवरून किंवा खालून ती कधीही नेऊ नका. जास्त लांब तार जास्त चांगली, हा समज छोट्या सेटच्या बाबतीत चूक आहे. २५-३० मीटरची तार लावली की सेट गुदमरतो आणि प्रत्येक केंद्रामागे दुसरं केंद्र बोलू लागतं. तसं झालं तर आधी ‘डीएक्स’चं बटण ‘लोकल’वर न्या, तरी भागलं नाही तर तार कापून कमी करा. घरातल्या प्लगच्या अर्थिंगला सेट जोडू नका, त्या वाटेने घरभरचा गोंगाट आत येतो.

हा गोंगाट शहरातला मुख्य शत्रू. तो शोधायचा असेल तर सेट बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा आणि आवाज किती उतरतो ते ऐका. मग एकेक वस्तू सुरू करत जा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेट-टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर हे नेहमीचे गुन्हेगार. मेन बंद करूनही गोंगाट तसाच राहिला तर तो शेजारचा आहे, अशा वेळी गच्चीचा उपयोग होतो. पावसाळ्यात ढग गडगडू लागले की तार सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका.

कधी आणि कुठे

महाराष्ट्रातून दोन वेळा हमखास चालतात, पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ. संध्याकाळी ९,४०० ते ९,९०० (३१ मीटर), ११,६०० ते १२,१०० (२५ मीटर) आणि १५,१०० ते १५,८०० किलोहर्ट्झ (१९ मीटर) हे पट्टे धुंडाळा. पहाटे ७,२०० ते ७,४५० हा ४१ मीटरचा पट्टाही त्यात धरा.

मिडियमवेव्हवर श्रीलंकेतल्या पुट्टलमचं ट्रान्स वर्ल्ड रेडिओचं ४०० किलोवॅटचं केंद्र ८८२ किलोहर्ट्झवर अंधार पडल्यावर पोहोचू शकतं. सेट १० किलोहर्ट्झच्या टप्प्यावर असेल तर आकडे ८८० वरून ८९० वर उडी मारतात आणि केंद्र मधेच राहतं. सेटिंगमध्ये टप्पा ९ करा. मिडियमवेव्हसाठी बाहेरची तार लागत नाही. आतली फेराइट कांडी दिशा पकडते, तेव्हा अख्खा सेटच हळूहळू फिरवून बघा.

कार्यक्रम तासाच्या ठोक्याला, पंधराव्या, तिसाव्या किंवा पंचेचाळिसाव्या मिनिटाला सुरू होतो. ट्रान्समीटर त्याआधी एक ते पाच मिनिटं चालू होतो. पट्ट्यावरची खरखर एकदम दबली की वाहक लहर, म्हणजे आवाज सुरू होण्याआधीचा नुसता सिग्नल, आली समजा. त्यानंतरची मिनिटं सोन्याची. व्हॅटिकन रेडिओ, ज्याचं उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ ला झालं आणि जो खुद्द मार्कोनीने उभारला, तो ‘क्रिस्तुस विन्चित’ या लॅटिन स्तोत्राची धून वाजवतो. इतर केंद्रांवर धून नाहीतर इंग्रजी उद्घोषणा येते. पूर्ण कार्यक्रम ऐकूनही जे कळत नाही ते या एका मिनिटात कळतं, म्हणून पाच मिनिटं आधीच रेकॉर्डिंग सुरू ठेवा.

पाच किलोहर्ट्झच्या अंतरावर शेजारी कुणी बोलत असेल तर बँडविड्थ ३ किलोहर्ट्झपर्यंत उतरवा आणि शेजाऱ्याच्या उलट बाजूला १-२ किलोहर्ट्झ सरका. आवाज थोडा बोदा होईल, शब्द मात्र सुटे होतील.

भाषा कळत नसेल तर

हिंदी ऐकू आली म्हणजे मिशनरी केंद्र सापडलं असं नाही, चायना रेडिओ इंटरनॅशनलही हिंदीत बोलतं. अनोळखी भाषेत येशू, यीशु, ईसा यांतलं कोणतं रूप येतं ते टिपा. वचनाआधी पुस्तकाचं नाव आणि दोन आकडे येतात, ते पकडा. स्त्रीचा आवाज की पुरुषाचा, गाण्यात पेटी-ढोलक की गिटार, शेवटी सांगितलेल्या पत्त्यातलं गाव, हे सगळं मिनिटासह लिहा. शब्द जसे ऐकू येतील तसे देवनागरीत उतरवा, रिपोर्टमध्ये मात्र रोमन लिपीत द्या. अंदाजाने भाषेचं नाव ठोकून देऊ नका, ‘भाषा ओळखता आली नाही’ असं लिहिलेलं चालतं.

रिपोर्ट

साचा असा:

तारीख व वेळ: यूटीसीमध्ये, उदाहरणार्थ १४३० ते १५००
फ्रिक्वेन्सी: किलोहर्ट्झमध्ये, डायलवरची
भाषा आणि संस्थेचं नाव
सिनपो: ३५३३३
तपशील: १४३० धून व ओळख, १४३२ पुरुष निवेदक, १४४१ स्त्री आवाजात गाणं, १४४४ वाचन, १४५७ पत्ता
सेट, अँटेना, गाव, टपालाचा पत्ता

तारखेत घोळ फार होतो. पहाटे साडेपाचच्या आधी ऐकलं असेल तर यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची. १२ तारखेची पहाटे साडेचारची वेळ म्हणजे ११ तारखेचे २३००.

सिनपोचे पाच आकडे अनुक्रमे सिग्नलचा जोर, इतर केंद्रांचा अडथळा, गोंगाट, चढउतार आणि एकूण दर्जा सांगतात. ५ उत्तम, १ वाईट. अडथळ्याला ५ म्हणजे अडथळा अजिबात नाही, याचा अर्थ उलटा लावू नका. शेवटचा आकडा आधीच्या चारांतल्या सर्वांत लहान आकड्याहून मोठा सहसा नसतो. सरसकट ५५५५५ लिहून केंद्राला खूश करणारा रिपोर्ट अभियंत्याच्या काहीच कामाचा नसतो. झोत पोहोचतो का, शेजारी कोण त्रास देतो, हे त्याला हवं असतं. वीस मिनिटांहून कमी तपशील पाठवू नका, सोबत एक-दोन मिनिटांची ध्वनिफीत जोडा. परदेशातल्या वेब रिसीव्हरवर (इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या सेटवर) ऐकलं असेल तर ते स्पष्ट लिहा, तो रिपोर्ट तुमच्या गावचा नाही.

पाठवायचं कुठे, यात पुन्हा सुरुवातीचीच गफलत होते. कार्यक्रमात सांगितलेला पत्ता त्या भाषेच्या निर्मात्यांचा असतो. तिथे लिहिलं तर बायबलचा पत्रद्वारा अभ्यासक्रम आणि पुस्तिका येतात, क्यूएसएल क्वचितच. क्यूएसएल हवं असेल तर संस्थेच्या वेबसाइटवर रिसेप्शन रिपोर्टसाठी दिलेला ईमेल वापरा आणि पत्रात मनोऱ्याचं नाव घाला. ‘एडब्ल्यूआर, नाउएनमार्गे’ असं लिहिलं की कार्डावर त्याच ठिकाणाचं नाव लिहून येण्याची शक्यता वाढते. संग्राहकाला तर तेच हवं असतं. धर्मात रस असल्याचं खोटं नाटक करू नका. क्यूएसएलसाठी त्याची गरज नाही, आणि एडब्ल्यूआरसारख्या संस्थेने तर छंद म्हणून ऐकणाऱ्यांसाठी वेगळा कार्यक्रमच चालवला आहे. १९७० च्या दशकात एडब्ल्यूआरचं आशियाई कार्यालय पुण्यात होतं आणि एड्रियन पीटरसन यांचा डीएक्सरांसाठीचा कार्यक्रम तिथूनच आकाराला आला.

ईमेलने ई-क्यूएसएल काही दिवसांत येतं. छापील कार्डाला टपालाने दोन-तीन महिने लागू शकतात. तीन महिन्यांत काहीच आलं नाही तर तोच रिपोर्ट मूळ तारखेसह पुन्हा पाठवा आणि वर ‘दुसरी प्रत’ असं लिहा. हंगाम संपत आला असेल तर वाट न बघता आधीच विचारा, कारण नवं वेळापत्रक लागल्यावर जुन्या प्रक्षेपणाची पडताळणी मागे पडते.