मुलांचे शालेय टप्पे आणि अभ्याससहली: पालकांनी सोबत कशी करावी

शाळेचा पहिला दिवस, रंगमंचावरचा पहिला प्रवेश, पहिले प्रगतिपुस्तक, आईवडिलांवाचून केलेली पहिली सहल हे प्रसंग घरातल्या मोठ्यांना जितके महत्त्वाचे वाटतात तितकेच मुलांनाही वाटतात. मात्र दोघांची कारणे निराळी असतात. मोठ्यांच्या डोळ्यांपुढे संपूर्ण प्रसंग असतो, तर मुलाच्या मनात त्यातली एखादीच गोष्ट घर करून बसलेली असते: नव्या बुटाची टोचणारी कड, पडद्यामागचा अंधार किंवा बसमध्ये आपल्या शेजारी कोण बसेल ही काळजी. पुढील सर्व सूचनांमागे एकच विचार आहे. अनुभव मुलाचा असावा. पालकांनी त्याची नीट सोय करून द्यावी आणि नंतर तो शांतपणे ऐकून घ्यावा.

शाळेचा पहिला दिवस

शाळा सुरू होण्याच्या आठ-दहा दिवस आधी मुलाला शाळेची इमारत दाखवून आणावी. वर्ग पाहायला मिळाला तर उत्तमच, परंतु त्याहून उपयोगाच्या दोन जागा म्हणजे स्वच्छतागृह आणि पाणी पिण्याची जागा. लहान मूल दिवसभर अवघडून बसते त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते की लघवीला जायचे असेल तर कोणाला आणि कसे विचारावे हे त्याला ठाऊक नसते. ते वाक्य घरी दोन-चार वेळा त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. डब्याचे झाकण, दप्तराची चेन, बाटलीचे बूच आणि बुटांचा पट्टा या चार गोष्टी मुलाला स्वतःच्या हाताने उघडता-लावता येतात का, हेही आधी पाहावे. न येणारी वस्तू बदलणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

निरोप घेताना मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नये. त्या दिवशीचे रडे टळते, परंतु दुसऱ्या दिवसापासून मूल हात सोडायला तयार होत नाही, कारण आई किंवा बाबा कोणत्याही क्षणी नाहीसे होऊ शकतात हे त्याने अनुभवलेले असते. निरोप थोडक्यात आणि स्पष्ट असावा. तीन-चार वर्षांच्या मुलाला घड्याळातल्या वेळेचा अर्थ लागत नाही. म्हणून ‘बारा वाजता येईन’ असे न सांगता ‘डबा खाऊन झाला आणि गोष्ट ऐकून झाली की मी फाटकापाशी उभी असेन’ असे सांगावे आणि त्या वेळी खरोखरच तिथे उभे असावे.

‘आज शाळेत काय केलंस?’ या प्रश्नाला बहुतेक मुले ‘काही नाही’ एवढेच उत्तर देतात. त्यात लपवाछपवी नसते. प्रश्नच इतका मोठा असतो की कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचत नाही. फाटकापाशी काहीच विचारू नये. मूल घरी येऊन, खाऊन-पिऊन जरा निवांत झाले की ‘तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?’ असा लहानसा प्रश्न विचारावा. उरलेला दिवस पुष्कळदा त्याच धाग्याने उलगडत जातो.

रंगमंच, मैदान आणि निकाल

संवाद पाठ झाले म्हणजे तयारी पूर्ण झाली, असे समजू नये. माझ्या मुलाला एका नाटुकल्यात एकच वाक्य होते आणि ते आम्ही घरी कितीतरी वेळा घोटून घेतले होते. प्रत्यक्ष प्रयोगात त्याने ते म्हटलेच नाही, कारण पुठ्ठ्याचा मुकुट घसरून त्याच्या डोळ्यांवर आला होता आणि त्याचे दोन्ही हात व सारे लक्ष तो मुकुट सावरण्यात गुंतले होते. वाक्याची तालीम झाली होती, मुकुट मात्र आम्ही त्याच्या डोक्यावर एकदाही घालून पाहिला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरी निदान एक तालीम पूर्ण वेशात, पायात तेच बूट घालून आणि खोलीत दोन-तीन माणसांना समोर बसवून होते. प्रयोगाच्या दिवशी आपण कोणत्या बाजूला बसणार आहोत हे मुलाला आधी सांगून ठेवावे आणि ते अडखळले तरी प्रेक्षकांतून शब्द सुचवू नयेत. ते काम शिक्षकांचे आहे, आणि दोन दिशांनी येणाऱ्या शब्दांमुळे मूल अधिकच गोंधळते.

निकालाच्या दिवशी काय बोलावे, याचा विचार निकाल हाती येण्यापूर्वीच करून ठेवावा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. त्यानंतर ज्यांच्या बुद्धीची स्तुती झाली, त्यांच्यातली बहुतेक मुले पुढे सोप्या कामाकडे वळली आणि एकदा अपयश आल्यावर लवकर नाउमेद झाली; ज्यांच्या मेहनतीची दखल घेतली गेली, त्यांनी मात्र अवघड काम अधिक प्रमाणात पत्करले. त्यामुळे ‘किती हुशार आहेस!’ असे म्हणण्याऐवजी मुलाने नेमके काय केले ते बोलून दाखवावे: ‘भागाकाराची ती उदाहरणं तू पुन्हा पहिल्यापासून सोडवलीस, त्याचा उपयोग झाला.’ गुण कमी पडले तरीही बोलणे असेच नेमके असावे.

घरात दोन मुले असतील तर एकाच्या कौतुकाच्या दिवशी दुसऱ्याला एखादे खरे काम सोपवावे. दादाचा वेश सांभाळणारी धाकटी बहीण हिरमुसून बसत नाही.

सहलीला निघण्यापूर्वी

सहलीचे ठिकाण निवडण्यासाठी मुलाच्या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका सर्वांत उपयोगी पडते. जो धडा वर्गात नुकताच सुरू झाला आहे किंवा अर्धा झाला आहे, त्याच्याशी संबंधित ठिकाण निवडावे. अगदी अनोळखी विषयात मुलाला प्रश्न सुचत नाहीत, तर पुरत्या संपलेल्या विषयात त्याचे मन रमत नाही. साप्ताहिक सुट्टी कधी असते, माहिती सांगणारी फेरी किती वाजता असते, पिशव्या आत नेता येतात का आणि छायाचित्रे काढण्यास परवानगी आहे का, याची चौकशी आधीच करावी. त्यानंतर मुलाबरोबर बसून पाहण्याच्या फक्त तीन गोष्टी ठरवाव्यात. त्यांतली निदान एक त्याने निवडलेली असावी, मग ती आपल्याला कितीही किरकोळ वाटो.

घरातून निघताना मुलाचे एक छायाचित्र त्याच दिवशीच्या कपड्यांत काढून ठेवावे. गर्दीत चुकामूक झाली तर आपण घाबरल्यामुळे कपड्यांचे वर्णनसुद्धा नीट करू शकत नाही. छायाचित्र दाखवता येते. दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या आतल्या खिशात ठेवावी. चुकामूक झाल्यास आहे त्या जागी थांबायचे आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सांगायचे, हे त्याच्याकडून एकदा वदवून घ्यावे.

संग्रहालयात

संग्रहालयात होणाऱ्या थकव्याविषयी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी 1916 मध्येच लेख लिहिला होता. वस्तू पाहण्यासाठी एका प्रौढ माणसाला किती वाकावे, उकिडवे बसावे आणि मान ताणावी लागते हे त्यांनी छायाचित्रांसह दाखवून दिले होते. प्रौढांची ही स्थिती असेल तर सहा वर्षांच्या मुलाची काय होत असेल याची कल्पना करावी. पहिल्याच काचपेटीसमोर पालकांनी गुडघे टेकून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहावे. पुष्कळदा तिथून वस्तूऐवजी काचेवर चमकणारा दिवाच दिसतो. मूल ‘कंटाळा आला’ म्हणते तेव्हा त्याला काही दिसतच नसण्याची शक्यता आधी पडताळून पाहावी. पाऊण तासाने बाहेर येऊन बसणे, पाणी पिणे आणि मगच पुढे जाणे हा क्रम ठेवावा. तीनपैकी दोनच गोष्टी पाहून झाल्या तरी परत फिरण्यात काही बिघडत नाही.

माझी मुलगी सात वर्षांची असताना आम्ही एका संग्रहालयात डायनोसॉरचा सांगाडा पाहायला गेलो होतो. वाटेत भुंगेऱ्यांची एक पेटी लागली आणि ती तिथेच थांबली. ओळीने टाचण्या लावलेले भुंगेरे होते आणि प्रत्येक टाचणीच्या खालच्या बाजूला नखाएवढ्या कागदावर बारीक, हाताने लिहिलेली अक्षरे होती. ‘हे कोणी लिहिलं?’ असे तिने विचारले. जिथे किडा सापडला ती जागा, तो दिवस आणि ज्याला सापडला त्याचे नाव त्यावर लिहिलेले असते, असे तिथल्या कर्मचारी बाईंनी तिला समजावून सांगितले आणि अशा चिठ्ठीवाचून त्या किड्याचा अभ्यासासाठी फारसा उपयोग उरत नाही, हेही सांगितले. वीस मिनिटे ती त्या पेटीपासून हलली नाही. मी दोनदा घड्याळ पाहिले, पण तिला पुढे चलण्याची घाई केली नाही, याचे मला आजही समाधान वाटते. मुलाचे पाऊल जिथे आपणहून थांबते, तिथे आपला बेत बाजूला ठेवावा.

पाहणे सखोल व्हावे यासाठी चित्र काढायला लावणे हा माझ्या अनुभवातला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पेन्सिल आणि लहान वही बरोबर न्यावी. शाईमुळे वस्तूंना डाग पडण्याची भीती असल्याने अनेक ठिकाणी पेन वापरू देत नाहीत. एकच वस्तू निवडून दहा मिनिटे चित्र काढू द्यावे. चित्र कसे आले याला महत्त्व नाही. पायांची संख्या मोजावी लागते, शेपटी नेमकी कुठून सुरू होते ते पाहावे लागते, आणि एरवी निसटून जाणारे हे तपशील हात काम करत असताना डोळ्यांत भरतात. छायाचित्रांच्या बाबतीत थोडे सावध राहावे. लिंडा हेंकेल यांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे पूर्ण छायाचित्र लोकांनी काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला असता मात्र ही घट दिसली नाही. म्हणून मुलाच्या हाती कॅमेरा द्यायचाच असेल तर ‘त्याचा फक्त पंजा टिप’ असे काम द्यावे.

विज्ञान केंद्रांची रीत वेगळी असते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या एक्सप्लोरेटोरियमसारख्या केंद्रांत वस्तू हाताळूनच शिकायचे असते. तिथे मूल एकच चाक दहा वेळा फिरवत राहिले तर ते प्रयोगच करत असते. फलक वाचून दाखवण्याची घाई करू नये. त्याने स्वतः काही अंदाज बांधला की मग वाचावा.

आकाशदर्शन

चंद्र पाहण्यासाठी पौर्णिमा निवडण्याची चूक बहुतेक सर्व जण करतात. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर जवळजवळ समोरून पडत असल्याने सावल्या दिसत नाहीत आणि पृष्ठभाग सपाट वाटतो. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात, त्यामुळे साध्या दुर्बिणीतूनही विवरे उठून दिसतात. हात थरथरू नयेत म्हणून दुर्बीण कठड्यावर टेकवावी. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाइलचा पडदा कोणीही उघडू नये. गुरू दिसत असेल त्या दिवसांत लागोपाठ चार रात्री त्याच्या आजूबाजूचे ठिपके वहीत काढून ठेवावेत. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये अशाच नोंदी करून गुरूचे चार चंद्र ओळखले होते, आणि ठिपक्यांच्या जागा रोज बदलतात हे मुलाला स्वतःच्या वहीत दिसले म्हणजे तोच शोध त्याच्या हातून पुन्हा लागतो. दुर्बीण सूर्याच्या दिशेने कधीही वळवायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगावे.

शाळेबरोबर जाणारी सहल

या सहलीत पालकांचे काम आदल्या दिवशीच संपते. बस लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा या वयात अधिक होतो, कारण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला हालचाल जाणवत असताना डोळे मात्र आतल्या स्थिर वस्तूंवर असतात. पुढची जागा मिळावी अशी शिक्षकांना विनंती करावी, मुलाला खिडकीतून लांब पाहायला सांगावे आणि प्रवासात वाचू देऊ नये. औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे. एखाद्या पदार्थाची अॅलर्जी असल्यास ती शिक्षकांना लेखी कळवावी. मुक्कामी सहल असेल तर आधी एक रात्र नातेवाइकांकडे राहण्याचा सराव करून घ्यावा.

घरी परतल्यावर

विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो मंदावतो, हे हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते. त्यामुळे सहलीविषयीचे बोलणे त्याच संध्याकाळी व्हावे आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा निघावे. ते पाठ विचारल्यासारखे मात्र नसावे. जो सहलीला आलाच नव्हता अशा माणसाला, आजीला किंवा शेजारच्या मित्राला, मुलाने सगळे सांगावे. ऐकणाऱ्याला खरोखर काही ठाऊक नसते तेव्हाच सांगण्यात रस येतो. सांगताना मुलाने तपशील चुकवला तरी मध्येच दुरुस्त करू नये. तो मागाहून पुस्तकात एकत्र पाहता येतो.

भुंगेऱ्यांच्या त्या पेटीनंतर माझ्या मुलीने बुटांच्या रिकाम्या खोक्यात आपले खडे मांडले आणि प्रत्येकाखाली कागदाचा एक कपटा ठेवला. घरात असे खोके करू द्यावे. कपट्यावर वस्तू कुठे सापडली, कधी सापडली आणि कोणाला सापडली, एवढ्या तीन गोष्टी मुलाच्याच अक्षरात असाव्यात. शुद्धलेखन सुधारू नये आणि तारीख मात्र राहून गेली असेल तर त्याच दिवशी लिहून घ्यावी, कारण पुढच्या महिन्यात ती कोणालाच आठवत नाही.