वायरची जाडी निवडताना या चुका टाळा

घराचे वायरिंग असो वा विहिरीवरची मोटार, वायर घ्यायला आलेला माणूस आधी भाव विचारतो आणि मग कंपनी. भार किती आहे, वायर किती लांब जाणार आहे आणि ती भिंतीतल्या पाइपातून जाणार की उघड्यावरून, हे ना तो सांगतो, ना दुकानदार विचारतो. जाडी मात्र याच तीन गोष्टींवर ठरते, आणि त्यांपैकी अंतर सर्वांत जास्त विसरले जाते.

अंतर न मोजणे

जत तालुक्यातील एका बागायतदाराची पाच एचपीची सबमर्सिबल मोटार एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली. दोन्ही वेळा कप्पी लावून पाइपांसकट मोटार वर काढली, भरून (आतली जळालेली तार नव्याने गुंडाळून) आणली आणि पुन्हा सोडली. सगळा दोष मोटार भरणाऱ्यावर ठेवला गेला आणि इकडे डाळिंबाची बाग पाण्यावाचून ताणावर राहिली. मला बोलावले तेव्हा मी मोटारीला हातच लावला नाही. मोटार चालू ठेवून मीटरच्या पेटीत व्होल्टेज मोजले, ते ४०० भरले. बोअरच्या तोंडाशी मोजले, तर जेमतेम ३६५. मधले ३५ व्होल्ट सुमारे ३५० मीटर लांबीच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या केबलने खाल्ले होते.

त्यांनी केबल घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "पाच एचपीला अडीच बास झाली, अण्णा." नुसत्या अँपिअरच्या हिशेबाने तो चुकला नव्हता, कारण ही मोटार नऊ-दहा अँपिअर घेते आणि अडीचची तांब्याची केबल तेवढा करंट सहज वाहते. चूक एवढीच झाली की बोअर मीटरपासून किती लांब आहे, हे कोणी विचारले नाही. व्होल्टेज कमी पडले की तेवढेच पाणी उचलण्यासाठी मोटार जास्त करंट ओढते, त्यामुळे वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापते, आणि जास्त करंटमुळे केबलमधली घट आणखी वाढते. त्यात सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे मोटारीसाठी ठरलेल्या ४१५ ऐवजी ३६५ मिळाले तर तो जवळपास पाऊणपटच उरतो. तिथे सहा चौरस मिलिमीटरची केबल ओढल्यावर घट पंधरा व्होल्टच्या आत आली. केबलचा खर्च मोठा होता हे खरे, पण दोनदा मोटार काढणे, भरणे आणि सोडणे यात गेलेला पैसाही काही लहान नव्हता.

यासाठी मी एकच हिशेब पाठ ठेवला आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या ५० मीटर तांब्याच्या तारेचा रोध, ती कामाला लागून गरम झाल्यावर, साधारण एक ओहम धरायचा. म्हणजे मीटरमधील लांबीला पन्नासने आणि मग जाडीने भागले की एका तारेचा रोध मिळतो. त्याला करंटने गुणायचे. सिंगल फेजला येणे-जाणे धरून दुप्पट करायचे, थ्री फेजला १.७३ ने गुणायचे. मोटारीच्या बाबतीत उत्तर किंचित जास्त येते, आणि मला ते तसेच आवडते. घरच्या वायरिंगमध्ये घट तीन टक्क्यांच्या वर, म्हणजे २३० व्होल्टला सातच्या वर गेली, की मी पुढची जाडी घेतो. हा हिशेब करायला दोन मिनिटे लागतात. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी विजेच्या कामात हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवणे

ही चूक मला सर्वांत धोकादायक वाटते. गिझर आणि एसी एकाच लाइनवर टाकलेले असतात, १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) वारंवार पडतो, आणि कोणीतरी ३२ चा बसवून "आता त्रास मिटला" असे सांगून जातो. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो. उपकरण वाचवणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. त्यात ३२ चा एमसीबी ३२ वर लगेच पडतो असेही नाही; मानकानुसार तो ३६ अँपिअर तासभर बिनतक्रार वाहू देतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर पाइपात असताना तो ताप सोसू शकत नाही.

असे एक घर उघडले तेव्हा सॉकेटमागच्या वायरचे लाल प्लास्टिक तपकिरी झाले होते. चिमटीत धरताच त्याचे पोपडे पडले आणि आतले तांबे काळवंडलेले दिसले. घरच्यांना महिनोन्‌महिने कसलाही त्रास जाणवला नव्हता, कारण एमसीबी पडणेच बंद झाले होते.

मी दीडच्या वायरला १०, अडीचला १६, चारला २० किंवा २५ आणि सहाला ३२ याच्या वर एमसीबी लावत नाही. कॅटलॉगमध्ये याहून मोठे आकडे दिसतात, पण ते ठरावीक तापमानाला आणि ठरावीक मांडणीला दिलेले असतात. साध्या पीव्हीसी वायरने ७० अंशांच्या वर तापू नये. हवा ३० अंश असेल तर तिला तापायला ४० अंशांची मुभा असते. अकोल्याच्या मे महिन्यात हवाच ४५ असते, तेव्हा २५ अंशच उरतात. त्यातून एकाच पाइपात सात-आठ वायरी कोंबल्या की कॅटलॉगचा आकडा निरुपयोगी ठरतो. एमसीबी पडत असेल तर टाँग टेस्टरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरने) भार मोजावा आणि गिझरला थेट बोर्डापासून स्वतंत्र लाइन द्यावी.

गेजचे आकडे

गेज म्हणजे तारेची जाडी सांगणारा क्रमांक. अमेरिकन व्हिडिओ पाहून दुकानात "१४ गेज द्या" म्हणणारे आता बरेच भेटतात. अमेरिकन १४ गेज म्हणजे सुमारे २.१ चौरस मिलिमीटर, तर मोटार भरणाऱ्यांकडे आजही चालणाऱ्या ब्रिटिश गेजमध्ये १४ म्हणजे सुमारे ३.२. दोन्हींत आकडा वाढला की तार बारीक होते. जुन्या घरांतली तीन-बावीस म्हणजे ब्रिटिश २२ गेजच्या तीन तारा, एकूण जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. ती अडीचच्या बरोबरीची समजून तिच्यावर एसी लावू नये. नवी खरेदी चौरस मिलिमीटरमध्येच करावी. ही जाडी आतल्या तांब्याच्या छेदाची असते, प्लास्टिकची नव्हे.

टर्मिनलमध्ये मावत नाहीत म्हणून दोन-चार बारीक तारा कापून टाकणे अक्षम्य आहे. त्या जागी अडीचची वायर अडीचची राहत नाही आणि तिथेच तापते. योग्य मापाची लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवावी.

तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना पीळ देऊन जोडू नये.

सिंगल फेजला न्यूट्रल फेजइतकीच जाड हवी, कारण करंट दोन्हींतून सारखाच जातो.

शेवटी स्वस्त बंडलाविषयी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सरसकट तांब्याची म्हणून खपवली जाते. आयएस ६९४ हा मानकाचा क्रमांक आणि आयएसआयचे चिन्ह वायरवर छापलेले पाहावेच, पण तेवढ्यावर न थांबता बंडल वजनकाट्यावर ठेवावे. अडीच चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर बंडलात नुसते तांबेच पावणेदोन ते दोन किलो असायला हवे. प्लास्टिकसकट अख्खे बंडल दोन किलोच्या आत भरले, तर भाव कितीही कमी असो, ते तिथेच परत करावे. शंका उरली तर टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरट चमक दिसली की ते तांबे नव्हे.