हेलसिंकीत 'हॉप-ऑन हॉप-ऑफ' बसचं तिकीट वसूल करायचं असेल तर

ही पर्यटकांची बस. एकाच तिकिटावर हव्या त्या थांब्यावर उतरा, मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढा. अडचण अशी की लोक प्रत्येक थांब्यावर उतरतात आणि अर्धा दिवस पुढच्या बसची वाट बघण्यात जातो.

१. सेनेट चौक, बंदरावरचा बाजारचौक, उस्पेन्स्की कॅथेड्रल आणि एस्प्लनादी बाग ही ठिकाणं पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरात आहेत. इथे बस वापरूच नका.

२. तिकिटावर '२४ तास' आहे की 'एक दिवस' ते विकत घेण्याआधीच वाचा. २४ तास बहुधा पहिल्यांदा बसमध्ये चढल्यापासून मोजतात. तसं असेल तर दुपारी सुरुवात करा, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळही त्याच पैशांत मिळते. 'एक दिवस' असेल तर मात्र पहिलीच बस पकडा.

३. आधी न उतरता एक पूर्ण फेरी मारा. मग लांबच्या दोन थांब्यांवरच उतरा: संगीतकार सिबेलियस यांचं स्मारक (६०० हून जास्त पोलादी नळ्या) आणि खडकात कोरलेलं तेम्पेलिआउकिओ चर्च. प्रार्थना चालू असताना चर्च पर्यटकांना बंद असतं, त्यामुळे रविवारी सकाळ टाळा.

४. बसच्या वरच्या मजल्यावर समुद्राचा वारा जुलैतही बोचतो. विंडचीटर हवाच. बसमधली माहिती ऐकायला वायरवाले इअरफोन स्वतःचे न्या. बसमध्ये मिळणारे बहुतेकदा कानात टिकत नाहीत.

बेटांवरच्या सुओमेनलिन्ना किल्ल्याला जाणारी सार्वजनिक फेरीबोट बाजारचौकातून सुटते, पण तिला शहर वाहतुकीचं एबी झोनचं तिकीट लागतं. या पर्यटक बसचं चालत नाही.

आणि शेवटची बस किती वाजता, हे चढतानाच चालकाला विचारा. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, बस त्याच्या कितीतरी आधी बंद होते.