बिझटॉकमध्ये टेक्स्ट फाइलचं एक्सएमएल करायचंय? स्कीमा अशी बनवा

बिझटॉक म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिममध्ये डेटा पोचवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, आणि स्कीमा म्हणजे फाइलची रचना त्याला सांगणारा साचा. आधी फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा आणि लपलेली कॅरेक्टर्स दिसतील असं करा, स्कीमा बनवणाऱ्या विझार्डला हात नंतर लावा. समजा ओळ अशी आहे, कोड, नाव आणि वजन: ००१२|कांदा|४०.५. आता बघायचं ते एवढंच की शेवटच्या ओळीनंतर सीआर एलएफ, म्हणजे एंटर मारल्यावर येणारी ओळ संपल्याची खूण, आहे की नाही, कारण पुढचं सगळं त्यावर अडतं.

मग व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्टमध्ये नवीन आयटम घ्या, फ्लॅट फाइल स्कीमा विझार्ड निवडा आणि नमुना फाइल द्या. कोड पेज यूटीएफ-८ चं म्हणजे ६५००१ ठेवा, नाहीतर कांद्याच्या जागी भलतीच चिन्हं येतात. पहिल्यांदा सीआर एलएफवर तोडा, पहिल्या ओळीला रिपीटिंग रेकॉर्ड म्हणा, बाकीच्या ओळी इग्नोर. मग त्या रेकॉर्डला उभ्या रेघेवर तोडून फील्डना नावं द्या. कोड स्ट्रिंगच ठेवा, इंटिजर केलात तर पुढे कुठेतरी ००१२ चा १२ होतोच. वजन डेसिमल.

आता खरी गोष्ट, चाइल्ड ऑर्डर, म्हणजे तोडणारं चिन्ह तुकड्यांच्या मधे येतं की प्रत्येकानंतर, ते सांगणारी सेटिंग. स्वल्पविराम दोन शब्दांच्या मधे येतो, तसं असेल तर इन्फिक्स, आणि पूर्णविराम प्रत्येक वाक्यानंतर येतो, शेवटच्याही, तसं असेल तर पोस्टफिक्स. मी एकदा रूटला, म्हणजे सगळ्या ओळी ज्याच्या आत येतात त्या सगळ्यात वरच्या रेकॉर्डला, इन्फिक्स ठेवलं, टेस्ट फाइल मस्त चालली कारण ती मीच टाइप केलेली आणि शेवटी एंटर मारलाच नव्हता, खऱ्या फाइलला एंटर होता, मग बिझटॉक पुढचा रेकॉर्ड शोधत बसलं आणि अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ स्ट्रीम म्हणून थांबलं. दोन तास गेले. म्हणून सांगतो, नमुना पाठवणाऱ्याकडूनच मागा, स्वतः टाइप करू नका. आणि ओळीच्या आतल्या रेघेला इन्फिक्सच, शेवटच्या फील्डनंतरही रेघ येत असेल तरच पोस्टफिक्स.

नावातच रेघ येऊ शकत असेल तर ते फील्ड अवतरणचिन्हात मागवा आणि स्कीमात रॅप कॅरेक्टर म्हणून तेच चिन्ह भरा.

तपासायला स्कीमावर राइट क्लिक, व्हॅलिडेट इन्स्टन्स, पण आधी प्रॉपर्टीत इनपुट टाइप नेटिव्ह करा. आउटपुटमध्ये एक्सएमएलची लिंक येते, ती उघडून रेकॉर्ड मोजा.

शेवटी रिसीव्ह पाइपलाइनमध्ये, म्हणजे आलेली फाइल आत घेताना जिच्यातून जाते तिच्यात, टेक्स्टचं एक्सएमएल करणारा फ्लॅट फाइल डिसअसेंबलर टाकून त्याला ही स्कीमा द्या. तयार मिळणारी एक्सएमएल रिसीव्ह पाइपलाइन इथे चालत नाही, तिला आत येतानाच एक्सएमएल लागतं.